उन्हाचा वांटा

साताऱ्यांत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं आमची बारा बिऱ्हाडांची एक इमारत आहे. तिच्या गच्चीवर जें घडलें त्यापासून आम्हां थोरांसही कांहीं शिकावयास मिळालें. तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२४ सालीं आपल्याच जिल्ह्यांतील, पाटण तालुक्यांतील मान्याची वाडी हें गांव महाराष्ट्रांतील पहिलें सौरग्राम म्हणून जाहीर झालें. सुमारें शंभर घरांची ती वस्ती; तेथें घरोघरच्या छपरांवर सूर्याची वीज तयार होऊं लागली. हें वृत्त वाचून आमच्या मनांत आलें कीं, जें एका वाडीस साधलें तें बारा बिऱ्हाडांस कां साधूं नये? त्याच वर्षीच्या फेब्रुवारींत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली होती. तींत स्वतंत्र घरास जास्तींत जास्त ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें होतें, आणि आमच्यासारख्या गृहसंस्थेस सामाईक वापरासाठीं दर किलोवॅटमागें १८,००० रुपये. पाण्याचा पंप, लिफ्ट व जिन्यांतील दिवे यांसाठीं दहा किलोवॅटचा संच बसवावा, १,८०,००० रुपयांचें साहाय्य घ्यावें आणि उरलेला खर्च बारा बिऱ्हाडांनीं सारखा वांटून घ्यावा, असा विचार सभेपुढें आला.

परंतु कागदावरचें गणित सोपें, माणसांचें अवघड. दहा किलोवॅटच्या पॅनेलांस सुमारें हजार चौरस फूट जागा लागते. गच्ची अशी व्यापली तर पापड-कुरडया कोठें वाळवावयाच्या, हा तळमजल्यावरील आजींचा प्रश्न. दुसरी अडचण याहून बिकट होती. एका बिऱ्हाडांत मिळवते गृहस्थ एकच, आणि तेही त्या सुमारास आजारी. त्यांस वर्गणी देणें अशक्य होतें. त्यावर "जो पैसे देणार नाहीं त्याच्या मजल्यावर दिवा कशाला?" असे उद्गार निघाले. ते आमच्याच मुखांतून निघाले, हें येथें लज्जेनें नमूद करतों.

सभेंत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांचें मूळ गांव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखालीं गेलेलें. ते सहसा बोलत नसत. त्या दिवशीं मात्र म्हणाले, "कोयनेची वीज १९६२ सालीं निघाली, तेव्हां मी शाळकरी पोर होतों. त्या विजेसाठीं आमच्या वडिलांनीं घर, शेत, देऊळ, सगळें सोडलें. तुम्हांस गच्चीचा एक तुकडा सोडावयाचा आहे. दिवा लावणार असाल तर सगळ्या जिन्याला लावा. एक पायरी अंधारांत राहिली तर पडणारा कोणीही असूं शकतो."

सभा स्तब्ध झाली. मग आजींसाठीं गच्चीची पूर्वेकडील कड मोकळी ठेवावयाची ठरली. त्या बिऱ्हाडाची वर्गणी बाकीच्या अकरा बिऱ्हाडांनीं भरली, व ती त्यांनीं वर्षभरांत हप्त्यांनीं फेडावी, असें सर्वानुमतें ठरलें.

संच कसा चालतो, हेंही सांगतों. दिवसा जी वीज तयार होते तींतील जरूर तेवढी आम्ही वापरतों. उरलेली महावितरणच्या तारांत जाते. रात्रीं तेथूनच वीज घेतों. नेट मीटर ही देवघेव टिपून ठेवितो, आणि बिल फरकाचें येतें. एका किलोवॅटमागें दिवसास सरासरी चार युनिटें धरावीं. परंतु आषाढ-श्रावणांत साताऱ्याचें आभाळ दाटलें म्हणजे उत्पन्न बरेंच उतरतें. धूळ सांचली कीं तेंच होतें; म्हणून रविवारीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, वडील माणसांच्या देखत मुलें पॅनेल धुतात.

गेल्या चैत्रांत पूर्वेच्या कडेला आजींच्या कुरडया वाळत होत्या, आणि ते आजारांतून उठलेले गृहस्थ शेवटचा हप्ता घेऊन आले. पावती लिहितांना आमचा हात थबकला. त्या सभेंतील आमचे शब्द त्यांच्या कानीं गेले होते; त्यांनीं ते कधींही बोलून दाखविले नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, सूर्यशक्तीचा धडा तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकांत वाचालच. ती शक्ति सर्वांच्या छपरांवर सारखीच उतरते. ती वांटून घेण्याची बुद्धि मात्र शेजाऱ्यांनीं एकमेकांपासून शिकावी लागते. आम्ही ती उशिरां शिकलों. तुम्हीं ती लवकर शिकावी, हीच इच्छा.