शाळेत आपले काय उरते?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ज्यांच्या घरी चार पिढ्या शिकल्या, त्यांना शाळा गृहीतच असते; आम्हांला ती कोणीतरी काढली म्हणून मिळते. म्हणूनच इतिहासाच्या तासाला सरांनी बेने इस्राएल समाजाचा उल्लेख केला तेव्हा कान टवकारले. ग्रंथालयात हाती लागले ते वाचले, आणि तेव्हापासून मुंबईतली, माझगावची एक शाळा मनातून जात नाही.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून आपले पूर्वज वाचले, असे त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेल गाळीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावे पडली : किहीमकर, राजपूरकर, दिवेकर. बोलणे मराठी. हिब्रू मात्र काळाच्या ओघात विसरली गेली. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी उरली.

१८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा. पण या समाजाने ती विद्या घेतली आणि आपलाच धर्म जाणून घेण्यासाठी वापरली! जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची ‘हगादा’ हिब्रू आणि मराठी अशी जोडीने छापली गेली. पुढल्याच वर्षी, १८७५ साली, हाईम सॅम्युएल किहीमकरांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा निघाली. तिथे इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकवली जाई. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली.

१९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. वीस हजारांच्या आसपास असलेले लोक आता थोडे हजार उरले. शाळा मात्र चालू राहिली. बाकांवर आता बहुतेक मुले दुसऱ्या धर्मांची, त्यांत मुसलमान पुष्कळ. मग वारसा संपला म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. एका छोट्या समाजाने आपल्या मुलांसाठी उघडलेले दार दुसऱ्यांच्या मुलांसाठी उघडे राहिले, हाही त्या वारशाचाच भाग. परंतु दार उघडे राहणे वेगळे आणि विद्या जिवंत राहणे वेगळे. ही शाळा कोणी, कशासाठी काढली, हे आज त्या बाकांवर बसणाऱ्या मुलांना कळले पाहिजे. नाहीतर भिंतीवर नाव तेवढे राहील.

मित्रहो, हे वाचताना मला आमचा पाडा दिसत होता. मी मोखाड्याकडचा, वारली. ज्या शाळेत मी शिकलो तिथे आमची बोली तोंडातून निघाली की पोरे हसत, गुरुजी म्हणत, “शुद्ध बोल.” शुद्ध बोलायला शिकलो, त्यामुळेच आज हा लेख लिहू शकतो. पण माझी आजी धवलेरी. लग्नात चौकापुढे बसून ती रात्रभर गाते. त्यातला एक शब्दही मला कधी कोणत्या पुस्तकात भेटला नाही. आजीचे वय झाले आहे आणि तिच्यामागे गाणारी आमच्या घरात कोणी नाही.

बेने इस्राएलांनी एक गोष्ट वेळेवर ओळखली : जे तोंडी आहे ते एका पिढीच्या चुकीने जाते. त्यांनी मराठीला टाकले नाही, हिब्रूलाही टाकले नाही. एकाच पुस्तकात दोघींना शेजारी बसवले. शिकायचे म्हणजे आपले सोडायचे, ही अट त्यांनी मानली नाही. मग आपणच का मानावी?

दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेऊन आजीजवळ बसलो. डाव्या पानावर तिचे शब्द, उजव्या पानावर मराठी अर्थ. “कागदावर गाणं ऱ्हातं का रं?” ती म्हणाली. सूर राहत नाही, हे तिचे खरेच. पण शब्द राहिले तर सूर शोधायला कोणीतरी येईल. आजवर अकरा पाने झाली आहेत.