लाल बटण

तुमच्या गाडीच्या उजव्या मुठीशी एक लाल बटण असेल. ते शेवटचं कधी दाबलंत?

आमचे मेस्त्री म्हणतात, या बटणाची आठवण लोकांना एकदाच होते. गाडी चालू होत नाही, घामाघूम होऊन गॅरेजपर्यंत ढकलत आणतात. मेस्त्री काही न बोलता अंगठ्यानं बटण सरकवतात आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू! पोरानं खेळताना बंद केलेलं असतं.

हसू येतंच. पण हे बटण कशासाठी आहे, हे मला ना शोरूममध्ये कुणी सांगितलं, ना लायसनसाठी आठ काढताना कुणी विचारलं. शंभर सीसीच्या कित्येक जुन्या गाड्यांना तर ते नाहीच.

रेस अडकली की मुठीवरचा हात न काढता इंजिन बंद करता यावं, म्हणून ते अंगठ्याजवळ दिलंय. किल्लीसाठी हात सोडावा लागतो, आणि गाडी बेफाम सुटलेली असताना हात सुटत नाही. रेस अडकते कशानं? केबलचा एखादा धागा तुटून आत अडकतो, पावसाळ्यात चिखल आणि गंज धरतो, नाहीतर हौसेनं बसवलेलं मुठीचं कव्हर कडेला घासतं. गिअरची गाडी असेल तर क्लच दाबला की निदान चाक मोकळं होतं. बिनगिअरच्या स्कूटरला डावीकडं क्लच नाही, ब्रेक असतो.

खरं सांगायचं तर रेस अडकण्यापेक्षा माणूसच जास्त वेळा अडकतो. गाडी अचानक झेपावली की अंग मागं जातं, त्याबरोबर मनगट खाली वळतं आणि रेस आणखी वाढते. मूठ सोडायची तर माणूस आणखी घट्ट धरतो.

आता यात लहान पोर घाला. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत वडील चालू स्कूटरवर बसून दुकानदाराला फोनवरून पैसे पाठवत होते. पुढं उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोरानं मूठ धरली आणि पिळली. स्कूटर सरळ अंड्यांच्या ट्रेवर. पोराच्या ओठाला तीन टाके पडले. रस्ता रिकामा होता म्हणून एवढ्यावर भागलं. ई-स्कूटर असती तर ती चालू आहे हे आवाजावरून कळलंही नसतं.

2018 च्या ऑगस्टमधला बंगळुरूजवळच्या नेलमंगलचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल. धडकेनंतर आईवडील रस्त्यावर पडले आणि दुचाकी पुढं बसलेल्या लेकराला घेऊन वाहनांमधून तशीच लांबवर गेली. वेग असला की दुचाकी स्वतःचा तोल बराच वेळ सांभाळते, तिला चालवणारा लागत नाही. ते लेकरू दुभाजकाच्या गवतावर पडलं म्हणून वाचलं. आपण तो व्हिडिओ 'देव तारी' म्हणून फॉरवर्ड केला.

पाण्यात जेट स्की चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. स्पीडवे शर्यतीच्या बाईकला ब्रेक नसतात, पण अशी दोरी असते. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्या आडव्या झाल्या की सेन्सर इंजिन बंद करतो, हे चांगलंच आहे. पण उभी गाडी पोरानं पिळली तर तो सेन्सर काय करणार?

अपघातानंतर धावून जाणाऱ्यांनाही एक विनंती. आडव्या पडलेल्या जुन्या गाडीचं इंजिन पुष्कळदा चालूच असतं. आपण मूठ धरून उचलायला जातो, मूठ पिळली जाते आणि गाडी उचलणाऱ्यालाच घेऊन पळते. आधी लाल बटण किंवा किल्ली, मग गाडी. आणि पोर पुढं असेल तर दुकानासमोर थांबल्या थांबल्या इंजिन बंद, दोन मिनिटांसाठी असलं तरी.

पेट्रोल गाडी असेल तर उद्या सकाळी एवढं बघा. इंजिन बंद ठेवून मूठ पिळा आणि सोडा. टक् आवाज करून ती मागं आली पाहिजे, हँडल डावीकडं असो वा उजवीकडं. मग गाडी डबल स्टँडला लावून चालू करा आणि रेस न देता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. तशीच ऑफिसला नेऊ नका, आधी मेस्त्रीकडं दाखवा.