कडू कुठे जातं

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सीमारेषेवर आला, तशी घरातल्या प्रत्येकाने मला पथ्यं सांगितली. त्यातलं एकच ऐकायला गोड होतं. धाकटी बहीण म्हणाली, "मिल्क चॉकलेट सोड, डार्क खा. ते औषधच आहे." ८५ टक्के कोकोची वडीही तिने आणून दिली. चॉकलेट मला मनापासून आवडतं, त्यामुळे हे खरं असावं असं फार वाटत होतं. म्हणूनच नीट बघायचं ठरवलं.

त्याच सुमारास पुत्तूरजवळ आत्याकडे जाणं झालं. दक्षिण कन्नड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चित्पावनांची घरं आहेत, आत्याचं सासर त्यांतलंच. पोफळीची बाग आणि पोफळीच्या सावलीत कोको. फळं थेट खोडाला लागलेली. आत्तेभावाने पिवळं झालेलं एक फळ कोयत्याने फोडलं. आत सीताफळासारखा पांढरा, बुळबुळीत गर, चवीला आंबटगोड. गर चोखून मी बी टाकणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, टाकू नकोस. चावून बघ."

चावली. आतून गडद जांभळी, आणि इतकी कडू-तुरट की जीभ टाळूला चिकटली. चॉकलेटची ओळखसुद्धा त्या चवीत नव्हती. कोकोतल्या ज्या फ्लॅव्हनॉल द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो, त्यांचीच ही चव.

मग ती चव जाते कुठे, हे तिथे बघायला मिळालं. बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात. ढीग आतून असा तापतो की हात फार वेळ ठेववत नाही. आंबूस वास दरवळतो. जांभळा रंग जाऊन तपकिरी येतो, चॉकलेटच्या स्वादाची सुरुवात इथेच होते, आणि कडूपणाबरोबर फ्लॅव्हनॉलचा बराच भागही इथेच जातो. कारखान्यात भाजताना आणखी थोडा. (पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे.) कोकोचा रंग गडद आणि चव सौम्य व्हावी म्हणून काही उत्पादक अल्कलीची प्रक्रिया करतात, त्यात तर फारच घट होते. म्हणजे काळीकुट्ट दिसणारी वडी गुणाने रिती असू शकते. वेष्टणावर टक्केवारी असते ती कोकोची. फ्लॅव्हनॉल किती उरलं, ते त्यावरून कळत नाही.

खळ्यावरचं वाळवण बघताना आणखी एक गोष्ट आठवली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २८ डार्क चॉकलेटं तपासली, तेव्हा सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं होतं. कॅडमियम झाड मातीतून शोषतं. शिसं बरंचसं येतं ते वाळत्या बियांवर बसणाऱ्या धुळीतून. कोको जास्त, तशी ही भीतीही जास्त. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना 'डार्क आहे, खा कितीही' असं कुणी सांगू नये, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

घरी येऊन बहिणीसोबत पोषणाचे तक्ते काढून बसले. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये जवळजवळ निम्मी साखर, ७० ते ८५ टक्क्यांच्या डार्कमध्ये साधारण पाव हिस्सा. लोह डार्कमध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम, मिल्कमध्ये दोन-अडीच. इथपर्यंत ती खुशीत होती. पण कॅलरी डार्कच्याच जास्त निघाल्या, ६०० च्या आसपास, कारण कोको बटर जास्त. मिल्कच्या ५३५.

अभ्यासांबद्दलही वाचलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉसमॉस चाचणीत २१ हजारांहून अधिक वयस्कांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल दिलं, पण कॅप्सूलमधून. हृदयविकाराच्या मृत्यूंत घट दिसली, तरी हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे सगळं मिळून जो मुख्य निकाल होता, त्यात ठाम फरक पडला नाही. २०२४ मध्ये 'बीएमजे'त आलेला हार्वर्डचा अभ्यास माझ्या जास्त जवळचा. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा डार्क खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं. मिल्कवाल्यांत तसं काही नव्हतं, उलट वजन वाढलेलं. पण ही लोकांच्या सवयींची नोंद आहे. डार्क निवडणारी माणसं एरवीही जपून खाणारी असू शकतात.

आता मी दुकानात वेष्टण उलटून घटकांची यादी वाचते. साखर पहिली असेल किंवा अल्कलीचा उल्लेख असेल, तर वडी परत ठेवते. जेवणानंतर दोन तुकडे, जिभेवर हळूहळू विरघळू देत. तेवढ्यात मन भरतं. मिल्क चॉकलेटचं तसं होत नसे.

पुढच्या तपासणीत आकडा थोडा उतरला. बहिणीने लगेच चॉकलेटला श्रेय दिलं. पण त्याच काळात मी रात्रीचा भात बंद केला होता आणि रोज संध्याकाळी चालायलाही लागले होते. डॉक्टर म्हणाले, "यातलं नेमकं कशाने उतरलं, ते या एका कागदावरून मी सांगू शकत नाही. तिन्ही चालू ठेवा, फक्त तुकडे दोनच."