खोपटचें तळें

ठाण्यास पाहुणे आले म्हणजे त्यांस मासुंदा तळें दाखवितात, कोपिनेश्वराचें दर्शन घडवितात. खोपट पाहावयास मात्र कोणी येत नाहीं. येथें लोक येतात ते एस.टी. गांठण्यास, व गाडी मिळतांच निघून जातात. परंतु स्थानकाच्या गडबडीपासून थोडें बाजूस वळलें कीं सिद्धेश्वर तलाव लागतो. तेथें आम्ही प्रथम गेलों तें कांहीं सृष्टिशोभा पाहण्यास नव्हे. घरांतून पळून गेलों होतों.

आमच्या तीर्थरूपांस अर्धांगवायु होऊन तेव्हां वर्ष लोटलें होतें. दिवसा कचेरी, रात्रीं दर दोन तासांनीं उठून त्यांची कूस बदलणें. एके सायंकाळीं त्यांनीं एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला आणि आम्हीं हातांतलें फुलपात्र भुईवर आपटलें. ते घाबरून आमच्याकडे पाहूं लागले. ज्यांनीं लहानपणीं आम्हांवर कधीं हात उगारला नाहीं त्यांची ती नजर सोसवेना. आम्ही अनवाणीच बाहेर पडलों.

दिवे लागेपर्यंत तळ्याच्या कांठीं बसलों. पाण्यावर उजेडाचे तुकडे हालत होते, मागें गाड्यांचे कर्णे वाजत होते. किती दिवसांत आपण कांहींएक न करतां नुसते बसलों नाहीं, हें तेव्हां ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या डॉक्टरांस हें सांगितलें. त्यांनीं आमचीच झोप विचारली. शुश्रूषा करणाऱ्याचें मनही थकतें, तो आळस नव्हे, असें ते म्हणाले. आम्ही ठाणेकर या विषयांत जरा संकोचीच. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचें. त्याच्या नांवानें थट्टा करीत पिढ्या वाढल्या, तेव्हां ‘मन थकलें’ असें म्हणावयास जीभ कशी रेटावी? १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं याच शहरांत मानसिक आरोग्याची संस्था काढली, तेव्हांपासून हा संकोच पुष्कळ ओसरला. आणि २०२२ पासून १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रीं-अपरात्रींही बोलतां येतें. आमचें काम मात्र तळ्यानेंच झालें. भ्रमणध्वनि घरीं ठेवावा, घटकाभर फिरावें, वेळेवर जेवून निजावें, एवढाच नेम. पंधरा दिवसांत आमचा आवाज खालीं आला.

हें सारें आम्ही एके रात्रीं मोठ्या कौतुकानें घरांत सांगत होतों. पत्नी वडिलांच्या चादरी भिजवीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, “तुम्ही तळ्यावर असतां तेव्हां इथें मी असतें.”

उत्तर सुचलें नाहीं. एकत्र कुटुंबांत माणसांस तोटा नसतो असें आपण म्हणतों. पण आमच्या घरीं नऊ माणसांत तें दुखणें एकाच पदरास बांधलेलें होतें, आणि आमच्या विश्रांतीचें मोलही तोच पदर देत होता.

रविवारीं सर्वांस बसवून वार वाटून घेतले. धाकट्या बंधूंनीं जी कुरकुर केली ती येथें लिहीत नाहीं. पहिले कांहीं दिवस पत्नी तळ्यावरून दोन दोनदां फोन करी: औषध दिलें का, पेज गाळून दिलीत का. पुढें ते फोन थांबले.

परवां साडेसात वाजून गेले तरी ती परतली नव्हती. आम्ही वडिलांची कूस बदलीत होतों. त्यांनीं अडखळत विचारलें, “सूनबाई कुठें गेली?”

“तळ्यावर, अण्णा.”

ते थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “येऊं दे सावकाश.”