शून्य मिळवायलाही देश लागतो

जगात खऱ्या देशांचा काही तुटवडा नाही. त्यांच्या राजधान्या पाठ करता करताच आमच्या पिढीचे भूगोलाचे गुण गेले. तरीही २००३ साली तीन ऑस्ट्रेलियन गृहस्थांना आणखी एक देश असावासा वाटला. सांतो सिलोरो, टॉम ग्लाइस्नर आणि रॉब सिच ही ती त्रिमूर्ती. त्यांनी पूर्व युरोपात ‘मोल्वानिया’ नावाचा देश वसवला. अर्थात कागदावर! त्याला लुटेनब्लाग नावाची राजधानी दिली, ‘आधुनिक दंतवैद्यकाचा स्पर्श न झालेली भूमी’ असे बिरुद दिले आणि प्रवाशांसाठी चक्क एक मार्गदर्शिका छापली.

माझ्या मेलबर्नच्या पुतण्याने येताना ती आणली होती. आमच्या सौभाग्यवतींनी ती मन लावून चाळली आणि विचारले, ‘‘तिकडे स्वेटर पुरेल की कोट लागेल रे?’’

‘‘काकू, असा देशच नाहीये!’’

‘‘नाही कसा? हॉटेलं दिलीयेत की!’’

मुद्दा बिनतोड होता. पुतण्या गप्प बसला.

आता देश म्हटला की झेंडा आला, राष्ट्रगीत आले, आणि युरोपातला असेल तर युरोव्हिजनच्या गायनस्पर्धेसाठी एक गाणेही आले. मोल्वानियाचे गाणे होते ‘इलेक्ट्रोनिक सुपरसोनिक’ आणि गायक ज्लाद्को व्लाद्चिक. म्हणजे तीन ब्रह्मदेवांपैकी सिलोरोच, मिशा लावून! गाण्यात प्रेम होते, अंतराळयान होते आणि इंग्रजी भाषेची एकही फासळी शाबूत नव्हती. जग पोट धरधरून हसले. मीही हसलो, पण जरा बेताने. नोकरीसाठी इंग्रजीत पहिला अर्ज लिहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मोडक्या इंग्रजीला हसताना आधी आजूबाजूला बघून घ्यावे.

खरे सांगायचे तर ही स्पर्धाच अशी आहे, की तिची टिंगल करायला खोट्या देशाची गरज नाही. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला ती सुरू झाली तेव्हा देश होते सात. १९७५ पासून प्रत्येक देशाने आवडत्या दहा गाण्यांना एक ते आठ, मग दहा आणि बारा असे गुण द्यायचे, असा नियम झाला. स्वतःला मात्र द्यायचे नाहीत. ही अट घालणारा माणूस मोठा जाणता असला पाहिजे. पण पळवाटा निघतातच. ग्रीस आणि सायप्रस वर्षानुवर्षे एकमेकांना बारा-बारा गुण असे देत आले, की जणू दिवाळीच्या फराळाची ताटे! हे घर चकल्या पाठवते, ते घर करंज्या.

लक्झेंबर्गची तऱ्हा आणखी वेगळी. एवढासा देश, पण १९६१ ते १९८३ मध्ये पाच वेळा पहिला आला. त्या पाचांतला एकही गायक लक्झेंबर्गचा नव्हता! चार फ्रेंच आणि एक ग्रीक. म्हणजे लक्झेंबर्ग खरा पण गायक उसना, आणि मोल्वानिया खोटा तो खोटा, वर त्याचाही गायक उसनाच. मोनॅकोने १९७१ साली स्पर्धा जिंकली, पण पुढच्या वर्षी पाहुणे बसवायला त्यांच्याकडे जागा नव्हती, म्हणून कार्य एडिंबरोला उरकले. मुलगा आपला, लग्न दुसऱ्याच्या अंगणात!

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेता येते. पण १९७८ साली पॅरिसला नॉर्वेचा यान टाइगेन उभा राहिला. पँटचे पट्टे ताणून सोडत, उड्या मारत त्याने जिवाच्या आकांताने गाणे म्हटले. बाकीच्या एकोणीस देशांपैकी एकानेही त्याला एक गुण दिला नाही. एवढ्या युरोपात एका तरी परीक्षकाचा हात चुकायला हवा होता, पण नाही! आता हा माणूस घरी तोंड कसे दाखवणार, असे आपल्याला वाटते. घरी गेला, तर ते गाणे नॉर्वेत कमालीचे लोकप्रिय झाले. शून्य मिळवून आलेल्या आपल्या माणसाला गावाने डोक्यावर घेतले. गडी पुन्हा १९८२ ला गेला, १९८३ लाही गेला. आणि १९८५ साली नॉर्वे पहिला आला.

पोर्तुगालची चिकाटी याहून थोर. १९६४ साली पहिल्यांदा गेले ते शून्य घेऊन परतले. २०१७ साली साल्व्हादोर सोब्राल जिंकला तो आपल्या बहिणीने रचलेले गाणे आपल्याच भाषेत गाऊन. मध्ये गेली त्रेपन्न वर्षे! पहिल्या वर्षी गाणे ऐकायला आजोबांच्या मांडीवर बसलेला नातू एव्हाना स्वतः आजोबा झाला असेल.

मोल्वानियाची खरी गरिबी मला इथे दिसते. त्याच्याकडे राजधानी आहे, हॉटेले आहेत, गाणेही आहे. पण व्लाद्चिकला शून्य मिळाले असते तर लुटेनब्लागमध्ये एकही आजी, ‘‘मेल्यांना कान आहेत की नाहीत!’’ म्हणून कडाडली नसती. जिंकलेल्या माणसाला कोणीही आपला म्हणतो. शून्याला मात्र हक्काचे गाव लागते, आणि ते काही छापून मिळत नाही.

ज्यांच्या मातीत मोल्वानिया उगवला त्या ऑस्ट्रेलियालाही बहुधा हे पटले असावे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असूनही २०१५ साली तो देश आपला खराखुरा गायक घेऊन युरोव्हिजनच्या मंचावर दाखल झाला आणि पाचवा आला.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘बघा! हसणाऱ्यांनाही शेवटी रांगेत उभं राहावंच लागलं.’’