दुखलं म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून

कान वाजतो किंवा पाठ दुखत राहते म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात जाडजूड फाईल असते. एमआरआय झालेला असतो, ऑडिओग्राम झालेला असतो, आणि शेवटी डॉक्टरांनी ‘आता सवय करून घ्या’ म्हणून सांगितलेलं असतं. सवय करायची कशी, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. माझं काम तिथून सुरू होतं.

पत्र्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेलेले एक गृहस्थ. कानात अखंड रातकिडे. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की परत येत नाहीत. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि त्याचीच धडपड आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. यंत्रावर जुळवून पाहिला तर हा आवाज बहुतेकदा ऐकू येण्याच्या उंबरठ्याहून काही डेसिबलच वर भरतो. तरी झोप उडते. पावेल यास्त्रेबोफ यांनी 1990 मध्ये मांडलं ते हेच, की छळ आवाजाच्या मोठेपणाचा नसतो, त्याला चिकटलेल्या भीतीचा असतो.

हे गृहस्थ शांतता हवी म्हणून रात्री खिडक्या लावून पंखाही बंद करत. शांततेत तर निरोगी कानही वाजतात! 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी 80 चांगल्या कानांची माणसं ध्वनिरोधक खोलीत बसवली; त्यातल्या 94 टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. मी या गृहस्थांना पंखा चालू ठेवायला सांगितलं. रेडिओ लावायचा तर इतका हळू, की कानातला आवाजही ऐकू येत राहील. तो पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय व्हायची कशी?

पाठीच्या जुन्या दुखण्याचं गणित याच्या फार जवळचं आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना पुष्कळदा इजेचं माप सांगत नाही. मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. एक बाई दर दिवाळीला सगळा फराळ एका दिवसात उरकायच्या आणि मग आडव्या व्हायच्या. सिएटलमध्ये विल्बर्ट फोर्डाइस यांनी अशा रुग्णांसाठी जे तत्त्व रुजवलं, ते मी त्यांच्या ओट्यापाशी नेलं. पाठीचं दुखणं फार न चढता किती वेळ काम जमतं, हे त्यांनी आठवडाभर टिपलं. सुरुवात त्याहूनही थोडी कमी धरली. मोबाइलवर गजर लावला. गजर झाला की हातातली पारी तशीच झाकून ठेवायची, ओल्या फडक्याखाली, आणि उठायचं. दुखत नसलं तरी उठायचं! हेच सगळ्यात जड जातं. ‘एवढा घाणा होऊ दे ना’ म्हणत त्या कातणं फिरवत राहायच्या. पण दुखल्यावरच थांबलं, की विश्रांती हे दुखण्याचं बक्षीस होऊन बसतं, आणि शरीर तेच शिकतं.

घरच्यांनाही मी समोर बसवते. रोज सकाळी मायेने विचारलेलं ‘आज कसं आहे?’ माणसाला पुन्हा दुखण्याची झडती घ्यायला लावतं. त्याऐवजी ‘आज काय करायचं ठरवलंय?’ असं विचारा. पहिल्यांदा त्यांना हे कठोर वाटतं. मला ते प्रेमाचंच वाटतं.

कान एकाएकी ऐकेनासा झाला, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजू लागला, किंवा पाठदुखीसोबत पायातलं बळ गेलं, लघवीवरचा ताबा सुटला, तर माझ्याकडे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आणि खोटी आशा मी दाखवत नाही. कान वाजण्यावरच्या वर्तनोपचारांनी आवाज सहसा कमी होत नाही. त्रास कमी होतो. ताप, जागरण, भांडण यांनी दोन्ही दुखणी उसळतात. तेव्हा गजर काही दिवस निम्म्यावर आणायचा, शून्यावर नाही. फटाक्यांच्या वेळी कानात फोमचे बोळे जरूर घालावेत, आणि माळ संपली की काढावेत. दिवसभर ते घालून बसलं, तर मेंदू पुन्हा कान टवकारतो.