कंट्रोलची प्लेट

लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये हल्ली कार्बन नॅनोट्यूब मिसळतात. वीज चांगली वाहते. विजेची स्कूटर चालवणाऱ्याला त्या नळ्यांचा वाराही लागत नाही, कारण त्या आत बंद असतात. काळजी आहे ती कारखान्यात कोरडी भुकटी पिशवीतून काढून मिसळणाऱ्या कामगाराची. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने 2013 मध्ये अशा कामगारांसाठी मर्यादा सुचवली ती आठ तासांच्या पाळीत सरासरी, घनमीटर हवेमागे 1 मायक्रोग्रॅमची. फुफ्फुसावर व्रण धरण्याची, म्हणजे फायब्रोसिसची, भीती त्यामागे होती.

फायब्रोसिस एकट्या पेशीचं काम नव्हे. वायुकोशात शिरलेला कण मॅक्रोफेज ही भक्षक पेशी गिळते. नळी लांब आणि ताठ असली तर ती पुरती गिळली जात नाही, अर्धी बाहेर राहते. 2008 मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने अशा लांब नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉससारखाच दाह दिसला. घास अडकलेली मॅक्रोफेज दाहाचे संदेश सोडत राहते. पुढे टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या हुकमाने फायब्रोब्लास्ट या पेशी कामाला लागतात आणि कोलॅजन रचत सुटतात. वायुकोशाची भिंत जाड होते. प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो.

हे आम्ही प्रयोगशाळेत मांडतो ते पेशींच्या जुन्या वाणांवर. ए549 हा वाण 1972 चा, 58 वर्षांच्या एका पुरुषाच्या फुफ्फुसातल्या गाठीचा. टीएचपी-1 हा ल्युकेमिया झालेल्या वर्षभराच्या मुलाच्या रक्तातला. टीएचपी-1 माध्यमात तरंगत असतात. पीएमए नावाचं रसायन दिलं की तळाला चिकटतात आणि मॅक्रोफेजसारख्या वागू लागतात. त्यांना नॅनोट्यूब द्यायच्या, मग त्यांच्यावरचं माध्यम काढून फायब्रोब्लास्टवर घालायचं. पेशीत अल्फा-एसएमए या प्रथिनाचे दोर उभे राहिले, तर ती व्रण घडवायला निघाली असं समजायचं.

माझ्याकडे पीएचडीला नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी कंट्रोलची प्लेट पाहायला बसवते. तिच्यात काहीच घातलेलं नसतं. तरी सूक्ष्मदर्शकाखाली कितीतरी पेशींत अल्फा-एसएमएचे, हिरवे रंगवलेले दोर ताणलेले दिसतात. कारण प्लेट प्लास्टिकची. निरोगी फुफ्फुस काही किलोपास्कल इतकं मऊ, प्लास्टिक त्याच्या लाखो पट कडक. कडक जमीन लागली की फायब्रोब्लास्टला वाटतं, इथे व्रण आहेच. म्हणजे पदार्थ देण्याआधीच निम्मं उत्तर प्लेटने दिलेलं असतं. म्हणून आता आम्ही पेशी मऊ जेलवर लावतो.

मात्रेचंही तसंच. मिलिलिटरमागे इतके मायक्रोग्रॅम घातले असं वहीत लिहिलं, तरी तेवढे पेशींपर्यंत पोचतातच असं नाही. काही कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि झटकन तळ गाठतात, काही तरंगत राहतात. कामगार तर भुकटी पाण्यातून घेत नाही, श्वासातून घेतो. म्हणून सच्छिद्र पडद्यावर पेशी वाढवायच्या, खालून माध्यम, वर हवा, आणि भुकटी हवेतूनच सोडायची. 2010 मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) इन्स्टिट्यूटने चिपवरचं फुफ्फुस केलं, त्यात पडदा श्वासासारखा ताणलाही. ताण दिल्यावर सिलिकाच्या नॅनोकणांनी पेशी जास्त चिडल्या. स्थिर प्लेटमध्ये हे कळलंच नसतं.

त्यामुळे ‘पेशींवर चाचणी केली, पदार्थ सुरक्षित आहे’ असं वाचलं की मी तीन गोष्टी शोधते: कंट्रोल कसा होता, पेशी कशावर वाढवल्या होत्या, कण खरोखर किती पोचले. फायब्रोसिस व्हायला वर्षं लागतात. आमच्या प्लेट काही दिवसांत आटोपतात. दहा भुकट्यांपैकी कुठल्या दोन आधी तपासायच्या, एवढं त्या चोख सांगतात. कामगाराच्या तोंडावरचा चांगला मास्क आणि यंत्रावरचा धूळ ओढणारा पंखा यांना मात्र आमच्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही.